गुणांची योग्य ती नोंद

निवृत्त हेडक्लार्कांनी ब्राउझरवरचा तो खेळ अत्यंत गांभीर्याने घेतला होता. सारी नोकरी आस्थापना विभागात इतरांच्या वार्षिक अहवालांत त्यांचे गुण भरण्यात गेली. आता प्रथमच स्वतःचे भरायला मिळाले. त्यांच्या खेळातल्या सरदाराचे शौर्य ब्याण्णव, चातुर्य अठ्ठ्याऐंशी आणि वक्तृत्व एकाहत्तर होते. त्यासाठी पाच महिने रोज सकाळी त्यांनी सरदाराकडून तलवारीचे हात करून घेतले होते आणि दुपारची झोप मोडून त्याला व्याकरण शिकवले होते.

मग प्रीमियम कथा आली, वर्गणी भरल्यावरच उघडणारी. सरदार किल्ल्याच्या दाराशी पोचला. पहारेकऱ्याने त्याला नखशिखांत न्याहाळले आणि म्हटले, “आपलं शौर्य पाहून थक्क झालो. आत या.” हेडक्लार्कांचे डोळे पाणावले. इतके चांगले त्यांना कचेरीत कोणी बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात सुनेने विरंगुळा म्हणून तोच खेळ सुरू केला. तालमीच्या भानगडीत न पडता तिने थेट प्रीमियम कथा घेतली. तिच्या सरदाराचे शौर्य एक होते, आणि तेही नाव नोंदवताना सगळ्यांना फुकट मिळणारे. पहारेकऱ्याने त्यालाही नखशिखांत न्याहाळले आणि तो थक्क झाला. हेडक्लार्कांनी चष्मा पुसून वाक्य पुन्हा वाचले. काना-मात्रेचाही फरक नव्हता.

त्यांनी कंपनीला रीतसर पत्र लिहिले: प्रीमियम कथेत पात्राचे गुण विचारात घेतले जातात किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, की गुणांची योग्य ती नोंद घेतली जाते. हेडक्लार्क चपापले. असली वाक्ये त्यांनी स्वतः तीस वर्षे लिहिली होती. त्यांनी मदतकक्षाला फोन लावला.

फोनवरच्या मुलीने आधी तेच छापील उत्तर वाचून दाखवले. हेडक्लार्क हटेनात, तेव्हा तिने आवाज खाली आणला.

“काका, वर्गणी भरून आलेल्याला दारातून परत कसं पाठवायचं?”

“मग ते आकडे दाखवता कशाला?”

“आकडे दिसले नाहीत तर लोक रोज येणार नाहीत.”

हेडक्लार्कांनी फोन ठेवला. त्यांना कचेरीतल्या टंकलेखिका बाई आठवल्या. सलग सात वर्षे त्यांनी बाईंना दहापैकी नऊ गुण दिले होते. हे बढतीला धरतात ना, असे बाई दरवर्षी विचारायच्या. धरतात तर, असे ते सांगायचे. बढतीची यादी गुण भरण्यापूर्वीच वरून आलेली असे. बाई टंकलेखिका म्हणूनच निवृत्त झाल्या.

मन खायला लागले. शेवटी त्यांनी बाईंना फोन करून सगळे कबूल केले.

बाई शांतपणे म्हणाल्या, “मला चौथ्या वर्षीच कळलं होतं, साहेब. पण नऊचे आठ झाले असते, तर जिवाला लागलं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने पाहिले, तर सासरे सरदाराकडून तालीम करून घेत होते. शौर्य त्र्याण्णव झाले होते.

“बाबा, उपयोग नाही हे कळलं ना तुम्हाला?”

“कळलं. पण गुण कमी तर व्हायला नकोत.”

ती हसत हसत आत गेली आणि लेकीला हलवून उठवू लागली. लेकीला गेल्या परीक्षेत चौऱ्याण्णव टक्के मिळाले होते. उरलेल्या सहा टक्क्यांसाठी सकाळचा क्लास लावला होता.