सहा फटींचा मासा

“आष्ट्यापास्नं कराडपर्यंत डोकं म्हणून जे काय म्हणत्यात, ते ह्या एकाच मानेवर हाय,” असं पायगोंडा अण्णा रोज सांगायचे. खताच्या दुकानावरच्या माडीत त्यांचं गुप्तहेर कार्यालय होतं. सहायक सिकंदर निमूट मान डोलवायचा. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्या दुपारी सिकंदर डबा खाऊन तृप्त बसला होता. इतक्यात अण्णांची भाची ब्राह्मी बरणी घेऊन धावत आली. ती सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायची. सिकंदरच्या साडूनं, रत्नागिरीच्या तारिकनं, जाळ्यात आलेला एक अनोळखी मासा तिच्यासाठी बर्फात घालून पाठवला होता. सिकंदरनं तो रात्रभर घरच्या फ्रीजमध्ये ठेवला आणि सकाळी पिशवी न उघडताच तिच्या घरी पोचवला.

“मामा, तोंड, पर, शेपूट, सगळं बांगड्याशी जुळतंय. पण अंग पिवळंधमक, आणि दोन्ही कुशींना तीन-तीन तिरप्या फटी! नवी जात असली तर नाव मीच द्यायचं. उद्या सरांपुढं मांडायचंय. चुकलं तर कॉलेजभर हसं होईल.”

“नाव पायगोंडी ठेव,” म्हणत अण्णांनी भिंग काढलं. त्यांच्या घराण्यात सात पिढ्या मासा शिजला नव्हता, त्यामुळं त्यांची दृष्टी अगदी निर्मळ होती.

“पिवळा, म्हंजे वाळूत लपणारा. फटी, म्हंजे जादा कल्ले. ह्यो मासा किनाऱ्यावर फिरायला येतोय!”

“पर अण्णा, पोटात आतडीच न्हाईत,” सिकंदर म्हणाला.

“उपास करतोय गड्या. लय संयमी जात!”

ब्राह्मी भराभर लिहून घेत होती. सिकंदरला मासा ओळखीचा वाटत होता, पण त्याला मासे ओळखता यायचे ते तळल्यावरच.

तेवढ्यात त्याची बायको जरिना जिना चढून आली. “आवं, माझा बांगडा कुठं नेला? चिरा पाडून, हळद-मीठ लावून ठेवलेला. सांजच्याला भाऊ जेवाय येणार!” तिची नजर बरणीवर गेली. “अगं बाई! ह्यो हितं व्हय?”

अण्णांनी भिंग खिशात घातलं. ब्राह्मीचा चेहरा उतरला, पण लगेच उजळला. “म्हणजे माझी पिशवी अजून तुमच्या फ्रीजमध्येच आहे!”

“ती व्हय? त्यातला मिशावाला, काळ्या पट्ट्यांचा? असला मासा मी जल्मात बघितला न्हवता. दुसरं काय न्हवतं, म्हणून त्योच ह्यांच्या डब्याला केला.”

सगळे सिकंदरकडं बघू लागले. त्यानं रिकामा डबा पायानं हळूच खुर्चीखाली सारला.

“पुरावा गिळलास रं,” अण्णा कळवळले.

ब्राह्मीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी तिनं पेन उघडलं. “काका, निदान चव तरी सांगा.”

सिकंदरनं विज्ञानासाठी डोळे मिटून मनापासून आठवलं.

“बांगड्यागतच.”