परब आणि जखमेची कड

परब आपला राग शिपायाच्या हाती पाठवत नसत. वॉर्डातून आलेली तपासणीची काच, म्हणजे स्लाइड, पसंत पडली नाही, की ती रुमालात धरून ते स्वतः तीन मजले चढत, ज्या डॉक्टरने ती पाठवली त्याला हुडकून काढत आणि चार पेशंटांसमोर त्याच्या तळहातावर ठेवत. लिफ्ट असताना जिना कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "लिफ्टमध्ये उभं राहिलं की राग निवतो."

परळच्या आमच्या हॉस्पिटलात ते प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि मी त्याच इमारतीत ग्रंथपाल. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच ते गेले. शोकसभेत एका मोठ्या डॉक्टरांनी हातातला कागद वाचून सांगितलं, की परब शांत आणि मनमिळाऊ होते, कोणाला कधी उलट शब्द बोलले नाहीत. माझ्या डोक्यात सणक गेली. ज्या माणसाने जन्मभर नीट बघितल्याशिवाय एका ओळीवर सही केली नाही, त्याच्याबद्दल इतकं खोटं, तेही माइकवरून! मी उठून काही बोलले नाही. मला ते जमत नाही. दोन महिने झाले, अजून राग उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

परबांचा एक ठरलेला प्रश्न होता. "बघितलंस की वाटलं?" एखादा शिकाऊ डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून डोकं वर करून "सर, लीशमानिया वाटतोय" म्हणाला, की संपलं. "वाटतोय? मला चहा प्यावासा वाटतोय. ते लिहू का रिपोर्टात?"

लीशमानिया हा वालुमाशीच्या चाव्यातून शिरणारा परजीवी. अंगावर फोड येतो, तो फुटतो आणि उंच कडेची खोलगट जखम महिनोन् महिने तशीच राहते. दुखत नाही, म्हणून लोक हयगय करतात. आपल्या मुंबईत हा रोग क्वचितच दिसतो, म्हणून डॉक्टरांनाही चटकन आठवत नाही. गजकर्णाची मलमं होतात, टीबीची औषधं होतात. परबांचं म्हणणं, परजीवी जखमेच्या कडेला राहतो आणि डॉक्टर मधला पू खरवडून पाठवतात. "मध्ये काय मिळणार? मेलेलं मांस! कड द्या मला, कड!" चांगल्या काचेवर पेशींच्या आत बारीक अंड्यांसारखे आकार दिसत. प्रत्येकात एक मोठा जांभळा ठिपका आणि त्याच्याजवळ एक आखूड काडी. ती काडी दिसेपर्यंत परब सही करत नसत. मग ओपीडीतून दहा फोन येवोत. ते फोन उचलून बाजूला ठेवत आणि बघत राहत.

दुपारी ते माझ्याकडे ग्रंथालयात येत ते पुस्तकांशी भांडायला. छायाचित्रांच्या बाजूला पेन्सिलीने लिहीत, "रंग कच्चा", "ही काडी नव्हे, कचरा". मी खोडरबराने पुसत असे. दुसऱ्या दिवशी तिथेच, जरा जास्त दाबून, तेच शब्द. आता मी पुसत नाही.

महादेव हा पेशंट त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातला. नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारा वेल्डर, मूळचा मालवणकडचा. आधी राजस्थानात एका साइटवर, मग आखातात काम करून परतला, तो हातावर दोन आणि गालावर एक जखम घेऊन. नाक्यावरच्या कोणा डॉक्टरने लांबूनच बघून "महारोग असेल" म्हटलं आणि घरात वाटणी झाली. महादेवची चटई खोलीबाहेर पॅसेजमध्ये गेली. चार वर्षांच्या मुलीला त्याच्याजवळ जायची बंदी झाली. आमच्या ओपीडीत त्याने एकच विचारलं होतं, "पोरीला कधी घेता येईल?"

काच परबांकडे आली. यावेळी कडेची होती. तीन तासांनी त्यांनी सही केली. महारोग नाही, लीशमानिया. पण कुठल्या प्रजातीचा ते काचेवरून कळत नाही. "भिंगाखाली सगळे सख्खे भाऊ," परब म्हणत. राजस्थानातली प्रजाती चिवट, वर्ष वर्ष हटत नाही, जखमेतच इंजेक्शनं टोचावी लागतात. आखातातली बहुतेकदा काही महिन्यांत आपली आपण बरी होते. म्हणजे टोचायचं की वाट बघायची, हे प्रजाती कळल्यावर ठरणार. त्यासाठी जखमेचा ताजा तुकडा लागतो, त्याची जनुकीय तपासणी होते.

तुकडा काढला एका तरुण डॉक्टर मुलीने, अगदी बरोबर, कडेचा. आणि हाताच्या सवयीने फॉर्मालीनच्या बाटलीत टाकला. आमच्याकडे प्रत्येक तुकडा टिकावा म्हणून फॉर्मालीनमध्येच जातो. पण त्यात मुरलेल्या तुकड्याची ही तपासणी भरवशाची राहत नाही.

त्या दिवशी परब जिना चढले त्याचा आवाज मी ग्रंथालयात ऐकला.

"डॉक्टर, लोणचं घातलंत तुम्ही! माणसाचं लोणचं!"

"सर, सॉरी, परत घेऊ ना सँपल."

"परत? तुमचा हात कापायला द्याल परत?"

मुलगी रडली. परब तिच्यासमोर तसेच उभे राहिले, मग "पाणी प्या" असं ओरडून खाली आले.

महादेव परत आला नाही. फोन केला तर त्याची आई म्हणाली, पुन्हा कापायचं म्हणजे मोठंच काहीतरी आहे, तुम्ही लपवताय. आठवडाभराने परब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "बाई, पर्स घ्या. नायगावला जायचंय."

"मी कशाला?"

"माझं तोंड बघून लोक दार लावतात."

महादेव पॅसेजमध्येच चटईवर बसलेला होता. आम्हाला आत बसवलं. परब ताठ बसले आणि त्यांनी थेट आईवर तोफ डागली. "आये, महारोग कोणी सांगल्यान तुका?"

"डॉक्टरान."

"काच बगल्यान त्याने? मी बगलंय. तीन तास बगलंय. महारोग नाय."

"अरे, पण ल्हान चेडू आसा घरात. तिका लागला तर?"

"शिवून लागना नाय! माशी चावाक लागता!"

"तुमचा काय जाता सांगूक," म्हातारी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

आम्हा दोघांना कपबशीतून चहा आला. महादेवसाठी एक टवका उडालेला प्लास्टिकचा मग होता. म्हातारीने तो उंबऱ्याबाहेर ठेवला आणि बोटाने पुढे सरकवला. परब बघत होते. मला वाटलं, आता चाळ हादरणार. पण ते उठले. आपली कपबशी उचलून बाहेर गेले, महादेवच्या चटईवर मांडी घालून बसले, कप त्याच्या हातात दिला आणि त्याचा मग स्वतःच्या तोंडाला लावला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याले.

"साखर कमी आहे," म्हणाले.

मग महादेवची बायको साखरेचा डबा घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याच्या शेजारी चटईवर बसली. तिच्यामागून पोरगी आली. म्हातारीने तिला हाक मारली, पण धरलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी महादेव बायकोबरोबर आला. ताजा तुकडा घेतला तेव्हा परब बाटलीवर पहाऱ्याला उभे होते. प्रजाती राजस्थानातली निघाली. आठवड्याला एक अशी इंजेक्शनं झाली, जखमा भरल्या, गालावर खड्डा राहिला. पोरगी त्या खड्ड्यात बोट घालून बघते, असं महादेव सांगायचा.

पण मला राहून राहून आठवतो तो चाळीचा जिना. चहा पिऊन आम्ही उतरत होतो आणि परब मधल्या वळणावर थांबले. मला वाटलं, दम लागला.

"आमच्याकडे पण होता असा पेला," ते म्हणाले. "बाबांचा. काळाचौकीला, दाराबाहेरच्या फळीवर."

"कोणी ठेवला होता?"

"मी. आठ वर्षांचा होतो. आईने सांगितलं, मी ठेवला. मग रोज मीच ठेवायचो."

"त्यांना काय झालं होतं?"

"काय माहीत. अंगावर चट्टे होते. कोणी काच केलीच नाही."

खालून कोणीतरी बादली घेऊन वर येत होतं. परब भिंतीला चिकटून उभे राहिले, त्याला वाट दिली. तो वर गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मी काठीने सरकवायचो पेला. बाबा बघायचे. एकदाच बोलले. म्हणाले, जपून रे, गरम आहे, तुझ्या पायावर सांडेल."