डिस्कला खोबरेल

गुरुप्रसादने डिस्क ब्रेकची स्कूटर घेतली ती सुरक्षिततेसाठी. असं तो सांगायचा. खरं कारण शेजारच्या घरात राहत होतं. त्याचं नाव सर्वेश, आणि त्याने एकदा गुरुप्रसादच्या बायकोला, संचिताला, कट्टा गावच्या बाजारातून आपल्या स्कूटरवर घरी आणून सोडलं होतं.

"सर्वेशभावजींची गाडी काय थांबता," ती घरात पाय ठेवताच म्हणाली. "पोटातला पाणी हलना नाय."

एवढ्या वर्षांच्या संसारात गुरुप्रसादच्या थांबण्याचं कुणी कौतुक केलं नव्हतं. (सुरू होण्याचंही नव्हतं, पण तो विषय वेगळा.)

नवी स्कूटर दारात आली. पुढच्या चाकाला भोकाभोकांची चकचकीत डिस्क. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला उकिडवा बसून समजावी. मागच्या चाकाचा जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेक त्याने मनातून निवृत्तच केला होता.

पण समुद्राच्या खाऱ्या हवेने डिस्कवर गंज चढला आणि ब्रेक किंचाळू लागला. सर्वेशचा डिस्क ब्रेक मात्र गप्प.

त्यात आचऱ्याहून संचिताच्या आईचं वडे-सागोतीचं आमंत्रण आलं.

"तुमच्या गाडीन अख्खो गाव जमतलो," संचिता म्हणाली. "सर्वेशभावजी तिकडेच जातत. त्यांच्या वांगडा जातंय मी."

"आपल्याच गाडीन जावया. सकाळपर्यंत आवाज बंद करतंय."

आणि त्याने केला. करकरणारं दार असो की धरलेला गुडघा, घरात सगळ्याला जे लावतात तेच त्याने डिस्कला लावलं. खोबरेल. दोन्ही बाजूंनी, हात न आखडता.

सकाळी घरापुढचा उतार उतरताना त्याने ब्रेक दाबला. आवाज अजिबात आला नाही. गाडीही अजिबात थांबली नाही.

"येता काय आवाज?"

"आवाज नाय येना, सर्वेशभावजींचो गडगो येता," मागून संचिता म्हणाली.

कुंपणाचा तो दगडी गडगा चुकवताना त्याला निवृत्त ड्रमची आठवण झाली, पण तोवर दोघं सर्वेशच्या अंगणातल्या सोललेल्या नारळांच्या सोडणांच्या ढिगात बसली होती.

इस्त्रीच्या शर्टात सर्वेश बाहेर आला. "लागाक नाय मा, वैनी?" (फक्त वैनी.) मग त्याने डिस्कवर बोट फिरवून हुंगलं. "तेल? अरे, पॅड घासतत म्हणान तर गाडी थांबता. ते आता फुकट गेले. मी सुक्या फडक्यान पुसतंय रोज. बसा वैनी, सोडतंय तुमका."

"मी पण येतंय," गुरुप्रसाद म्हणाला.

"तिघां?"

"तिघां. आणि मी मधी."

आमच्याकडे स्कूटरवर तिघांत मधे बसवून नेतात ते आजाऱ्याला. गुरुप्रसादला हे आठवलं तेव्हा सर्वेशच्या कमरेला त्याची मिठी पडलेली होती, आणि प्रत्येक ब्रेकला त्याचं नाक त्या इस्त्रीच्या शर्टात रुतत होतं. रस्त्यात लोक थांबून विचारत, "काय झाला रे तेका?"

आचऱ्याला सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, काही न विचारता त्याला दोन्ही खांद्यांना धरून खाटेवर निजवलं. मी ठणठणीत आहे म्हणावं, तर मधे का बसलो ते सांगावं लागलं असतं. तो पडून राहिला.

सर्वेशच्या पानात तिसऱ्यांदा सागोती पडली. गुरुप्रसादला पेज आली, वर चिमूटभर मीठ.

"सर्वेशा," सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "परत नेताना पण मधीच बसव हां तेंका. कडेक बसले तर पडतले."