डाळीचे पाच वाफे

“सांगतो, पण कुणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही!”

माळीकाकांनी अशी सुरुवात केली की समजावं, रुपयात चार आणे खरं मिळणार! कॉलेजच्या जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घालता घालता त्यांनी झारी खाली ठेवली. नव्या वर्गातली पाच-सहा पोरं पायऱ्यांवर बसली.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. कॉलेजमागचा जमिनीचा तुकडा काकांनी वीस वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळलेला. प्राचार्यांना तिथं गाड्या लावायच्या होत्या. मुलांनी पीक उगवून दाखवलं तरच जमीन राहील, असं ठरलं. पंधरा दिवसांनी समिती बघायला येणार! काम गेलं संख्याशास्त्राच्या सरांकडं. सरांनी आयुष्यात काही वाढवलं असेल तर ती स्वतःची दाढी! मुलंही त्याच मापाची. शेंगदाणे झाडाला लटकतात यावर अख्ख्या वर्गाचं एकमत!

“सर, बियाणं जरा...” काका बोलायला गेले.

“काका, तुम्ही फक्त पाणी घाला. आमचा तक्ता तयार आहे!”

वीस वर्षं माळीकाम केलेल्या माणसाला हे चांगलंच झोंबलं. तेवढ्यात मुलं वाण्याकडून पिशवी घेऊन आली. काकांनी आत डोकावलं. मसुराची डाळ! सोललेली, फोडलेली, नारिंगी, थेट पातेल्यात जायच्या लायकीची! शब्द काकांच्या ओठांवर आला आणि त्यांनी तो गिळला. उगवलं नाही की येतील पाय धरायला, मग सांगू! (हे एवढं मात्र काका पोरांना कधीच सांगत नाहीत.)

मुलांनी पट्टी लावून पाच वाफे पेरले. काका मुकाट पाणी घालत राहिले. आठव्या दिवशी मुलं वाफ्यांभोवती अशी बसली, जणू आत कुणी शेवटच्या घटका मोजतंय. एका पोरीनं तर मातीला कान लावला.

“सर, आत काहीतरी हलतंय!”

मुंग्या होत्या. डाळ पळवत होत्या. सरांनी तक्त्यात लिहिलं, ‘हालचाल सुरू.’

पाय धरायला कुणी आलंच नाही. बाराव्या दिवशी काकांचाच धीर सुटला. सरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पण सांगणार काय? पहिल्याच दिवशी पाहिलं होतं म्हणून? आले तसे परत फिरले.

“मग? समिती आली?” पायऱ्यांवरून कुणीतरी विचारलं.

“आली तर! आणि त्याच पहाटे,” काकांनी हात कमरेएवढा उंच नेला, “एवढं पीक! डाळच ती, पण जिद्दीला पेटली! अध्यक्षबाई आत शिरल्या, तर त्यांना शोधायला शिपाई धाडावा लागला!”

पोरं खदाखदा हसली. कॉलेजमागच्या त्या तुकड्यावर कुणीतरी गाडी सुरू केली. काकांनी घाईघाईनं झारी उचलली.

चष्मा लावलेली एक पोरगी तेवढी हसली नव्हती. तिच्या सात पिढ्यांत कुणी शेत पाहिलं नव्हतं.

“काका, फोडलेली डाळ उगवत नाही. कोंब येतो ती जागाच मोडते. परवा कुंडीपाशी तुम्हीच तर दाखवलंत.”

“हो, पण त्या वेळी...”

“तुम्हाला ठाऊक होतं, काका. मग तुम्ही बोलला का नाहीत?”