छत्री फ्रॉकचं अचूक माप

नंदिनीनं छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "आई, माझं कॅल्क्युलेटर चुकणार नाई! कधीच!"

पिपरी मेघे गावातल्या त्या घरात चार महिने दुपारी एकच कार्यक्रम. सासूबाई, म्हणजे सुमित्राबाई, शिलाई मशीन थांबवून नातीला, चारुताला, मांडीवर घेत. तेवढ्या तासाभरात शाळेत गणित शिकवणारी सून बिस्किटाच्या डब्यात इवलासा संगणक, पडदा अन् बटणं कोंबत बसे. आत ओपन सोर्स बीजगणिताचं सॉफ्टवेअर. फुकटातलं, पण स्वभावानं कडक! उत्तर केसभर इकडंतिकडं झालेलं त्याला खपत नसे. सासूबाईंसाठी तिनं खास 'छत्री' नावाचं बटण केलं. कंबरेचं माप घाला, घेरदार फ्रॉकचं मधलं भोक मध्यापासून किती इंचांवर कापायचं ते हजर!

चारुताच्या पहिल्या वाढदिवसाला एक दिवस उरला. सुमित्राबाईंनी आपली एकुलती एक जांभळी रेशमी साडी काढली. कंबर वीस इंच. बटण दाबलं. कात्री चालली.

"नंदिनीऽऽ! धाव व माय!"

भोकातून चारुता तर गेलीच, मागोमाग तिची गादीही गेली! सासरे कवडूजी त्यात हातपाय पसरून मावले असते!

"किती कापलं, आई?"

"दहा इंच. तुह्या डब्यानंच सांगतलं! वर दहा, खाली रेघ, अन् रेघेखाली ते दोन पायांचं स्टूल. म्हटलं, नक्षी असन!"

नंदिनीनं पडदा पाहिला. १०/π. एकदम अचूक! म्हणजे जेमतेम सव्वातीन इंच. पण अचूकपणाच्या तोऱ्यात दशांशात उत्तर द्यायला तिनं डब्याला शिकवलंच नव्हतं.

"पण तुम्ही तर तोंडीच करता न, कंबर भागिले सहा! आजच डबा काऊन घेतला?"

सुमित्राबाई कापड उगाच चाचपत राहिल्या. "चार महिने बसली होती तू त्याच्यापाशी. दहा जास्तच वाटलं, पण चुकणार नाई म्हटलं होतं न तू! नातीचा पहिला फ्रॉक तुह्याच डब्यानं बेतावा वाटलं मले."

नंदिनीचे डोळे भरले.

"रडू नको व! दोरा आण. चुण्या घालू."

घातल्या. इतक्या, की दुसऱ्या दिवशी चारुता पाटावर बसली तर फुलकोबीत टोमॅटो ठेवल्यासारखी दिसली! आळीतल्या बाया पोरीपेक्षा फ्रॉककडंच पाहत होत्या.

पुढच्या दुपारी नंदिनी डबा घेऊन धावत आली. "आई, सुधरवलं! आता सरळ सव्वातीन दाखवते!"

"काऊन सुधरवलं?" सुमित्राबाई कडाडल्या. "चार बायांनी तस्साच फ्रॉक मागतला! पोरगी दे इकडं. बस, अन् बिघडव पुन्हा!"