आबांच्या मोबाइलला कळलं

आबा जाधवांना आमच्या घरी येऊन काही महत्त्वाचं बोलायचं असलं, की आधी त्यांचा मोबाइल आमच्या गव्हाच्या डब्यात जायचा. झाकण घट्ट लावून वर खलबत्ता ठेवला की मगच ते तोंड उघडत. "ऐकतंय त्ये," म्हणून कुजबुजत. हा कोरेगावचा गडी चोवीस वर्षं फौजेत होता. गोळीबारातही चहा सोडला नाही म्हणायचा. विश्रामबागेत आमच्या शेजारी आला आणि मोबाइलला भ्यायला लागला.

मी कॉलेजात संगणक शिकवतो, म्हणून नोकरी शोधायचं ॲप त्यांना मीच घालून दिलं होतं. सुरुवातीला आबा खूश. सिक्युरिटी सुपरवायझर पुणे, मुंबई, एकदा तर दुबई. "हुकूम आला, सर!" म्हणत दाखवायला यायचे. एकदा चुकून ब्युटी पार्लरवर बोट पडलं, तर आठवडाभर भुवया कोरायच्या नोकऱ्या आल्या. आबांनी ॲपला लेखी खुलासा धाडला: "सदर बाब नजरचुकीने घडली."

परवा संध्याकाळी मात्र घामाघूम होऊन आले. मोबाइल डब्यात घालायचंही त्यांना सुचलं नाही.

"सर, ह्याला कळलं. म्या कुणालाच सांगितलं न्हाई, तरी कळलं."

मी बघितलं. पुणे-मुंबई गायब. सगळी अर्धवेळ कामं, घरापासून चालत जाण्याजोगी. खाली एक निराळंच: विसरभोळ्या वृद्धांची देखभाल.

"आबा, तुम्ही कशावर बोट ठेवता, त्यावरून हे शिकतं. जुन्यापेक्षा अलीकडचं जास्त धरतं. हल्ली तुम्ही हेच उघडत असणार."

आबा खुर्चीत बसले.

"मालन इसरायला लागलीया, सर." मालनकाकू म्हणजे त्यांची बायको. "दोनदा ग्यास चालूच ऱ्हायला. सोमवारी चहा दिला, तर म्हणती, 'पाव्हणं, कुठलं तुमी?' म्हटलं, कोरेगावचा. तर म्हणती, 'आमचं मालक बी तिथलंच.'"

काकू मला रोज दिसायच्या. मला काहीच कळलं नव्हतं.

"आत्ता कुठं आहेत?"

"घरात. भाईरनं कडी लावून आलोय."

माझी बायको उठली आणि शेजारी गेली.

आबांनी आवाज आणखी खाली आणला. "ह्ये माझ्या साताऱ्याच्या पोरीला सांगंल का?"

"छे! तिला कशाला सांगेल?"

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा उलट आणखीच उतरला.

"मग मलाच सांगावं लागंल की."

नंबर मी लावून दिला. पलीकडून पोरीचा आवाज आला, तशी आबांनी मान ताठ केली.

"काय न्हाई गं, सहज केला. व्हय, जेवलो. आई? आई बरी हाय."

त्यांनी मोबाइल कानापासून लांब धरला. फोन ठेवतात की काय, असं मला वाटलं.

"येतीस का गं जरा?" ते म्हणाले. "मला लय भ्या वाटतंय."