बिबट्याशी मराठीत बोलावे

शेवंताबाई मेश्राम दूध आणायला निघतात तेव्हा त्यांच्या उजव्या हातात किटली असते आणि डाव्या कमरेला विळा खोचलेला असतो. विळा भाताच्या कापणीचा, बारीक दात्यांचा. पात्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली. जयपुरात खातीपुरा स्टेशनाच्या मागे त्यांचे घर आहे आणि दूधवाला तेथून एकशे वीस पावलांवर बसतो. हे अंतर मी स्वतः मोजले आहे. एवढ्या प्रवासात कोणत्या संकटाची अपेक्षा आहे, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहिले.

"संकट का चिठ्ठी धाडून येते का वो, मास्तरीनबाई?"

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. मला शेवंताबाईंचा हेवा वाटतो. दुसऱ्याचे वजन सांगणाऱ्याने आपला तराजू आधी दाखवावा, आणि माझ्या तराजूत खोट आहे.

मी निवृत्त शिक्षिका. यजमानांच्या विमा कंपनीतील बदलीमुळे साताऱ्याहून जयपूरला आले आणि येथेच राहिले. गेली तीन वर्षे दर रविवारी सकाळी दहा वाजता, खातीपुऱ्यातील मराठी मंडळाच्या खोलीत, मी मुलांना मराठी शिकवते. येथे वाढलेली ही मुले घरी "मम्मी, मला भूख लागली" असे बोलतात. त्यांच्यासाठी मी तक्ते रंगवले, शब्दांच्या पेट्या केल्या, रेघा आखायला बारा लाकडी पट्ट्या आणल्या. तीन वर्षांत अकरा मुले "मॅडमजी, मी पाणी प्यायला जाऊ?" इथपर्यंत आली. प्रगती मंद होती, पण ती माझी होती.

मग ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातून शेवंताबाई आपल्या रेल्वेतील मुलाकडे कायमच्या राहायला आल्या. त्याच सुमारास आमेरच्या बाजूला एका वस्तीत बिबट्या उतरल्याची बातमी पसरली. पालक धास्तावले. शेवंताबाई म्हणाल्या, "त्यात भ्याचं काय हाय? मी शिकवतो ना पोट्ट्यायले." त्यांच्याकडे बायकाही 'मी शिकवतो' असेच म्हणतात. मंडळाने त्यांना खोलीमागचे अंगण दिले. मंडळाला ही जागा रविवारी एकच तास मिळते, म्हणून वेळ तीच: सकाळी दहा.

त्या रविवारी माझ्यासमोर दोन मुली बसल्या होत्या. एकीचा पाय मुरगळला होता. दुसरी तिला सोबत म्हणून थांबली होती. माझ्या बारा पट्ट्याही कपाटात नव्हत्या. अंगणात त्यांचे विळे झाले होते.

दोन महिने मी संयम पाळला. नंतर लेखी तक्रार केली. मुद्दा पहिला, शस्त्र. मुद्दा दुसरा, वेळ. तिसरा मुद्दा मत्सर हा होता, परंतु तो लेखी देण्याची पद्धत नाही.

मंडळाचे चिटणीस देशपांडे हे धूर्त गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "बाई, तुमच्याइतकं नेमकं दुसरं कोण आहे? तुम्हीच त्या वर्गाची तपासणी करा आणि अहवाल द्या. पुढच्या महिन्यापासून तास एकालाच. कोणाला, ते तुमच्या अहवालावर ठरवू." फिर्यादीलाच न्यायाधीश नेमण्याची ही रीत त्या दिवशी मला मुळीच गैर वाटली नाही.

मी वही घेऊन अंगणात गेले. सतरंजीची वळकटी स्टुलावर उभी केली होती, तो बिबट्या. शेवंताबाईंचे शिकवणे, हे कबूल केले पाहिजे, क्रमवार होते. वाकायचे नाही, कारण वाकलेला माणूस बिबट्याला बकरीएवढा दिसतो. पाठ दाखवायची नाही. विळा आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायचा, फेकायचा नाही. "फेकला म्हंजे त्याले देऊन टाकला." एकेक पाऊल मागे घ्यायचे. आणि या सगळ्यात तोंड बंद ठेवायचे नाही. बोलत राहायचे, कारण मुक्या जिवाला बिबट्या शिकार समजतो.

"कोणत्या भाषेत, आजीजी?" एका मुलाने विचारले. मी मॅडमजी आणि त्या आजीजी, ही नोंद मी तत्काळ केली.

"मराठीत. इथचा बिबट्या हिंदी ऐकू ऐकू निब्बर झाला. मराठी ऐकली का तो इचारात पडते."

मुलगा पट्टी पुढे धरून मागे सरकू लागला. "ए बिबट्या, मतलब, तू तिकडे जा. तुझी आई वाट पाहत असेल. माझा उद्या पेपर आहे. तू आला नसतास ना, तर मी आत्तापर्यंत घरी पोचलो असतो!"

माझे पेन थांबले. हे असे संकेतार्थी वाक्य या मुलाच्या तोंडून यावे म्हणून मी तीन वर्षे तक्ता टांगून ठेवला होता. सतरंजीने ते दोन महिन्यांत काढून घेतले.

"और चोराच्या हातात चाकू असेल तर?" मुरगळलेल्या पायाच्या मुलीने विचारले. तीही आता इकडेच येत होती.

"मांगते ते देऊन टाकाचं. चाकूकडं पाहू नोको, खांद्याकडं पाहा. हात हालाच्या आधी खांदा हालते. आन् पळाले वाट दिसली का पळाचं. इळा वाट करासाठी असते, मोठेपणा करासाठी नाही."

असा एक चोर त्यांना स्टेशनाबाहेर भेटला होता म्हणे. त्याने चाकू काढला, यांनी विळा. मग त्याच्या चाकूची मूठ ढिली आहे, त्याने सकाळपासून काही खाल्लेले दिसत नाही, त्याच्या आईला हे ठाऊक आहे काय, असे त्यांनी त्याला मराठीतून इतके ऐकवले की, "शेवटी तोच हात जोडते. म्हणे, माताजी, आप जाओ!"

मुले हसून लोळली. मीही हसले असते, पण मी तपासणी करीत होते.

खरा विळा घरात कोठे ठेवला जातो, हे पाहणे माझ्या कामाचा भाग होता. बुधवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. सून अजमेरची, बँकेत कामाला, मुलगा ड्यूटीवर. नातवाने दार उघडले, "दादी, कोई आंटी आई हैं," असे सांगितले आणि मोबाइल घेऊन आत गेला. विळा उंच खिळ्यावर, नातवाच्या हाताबाहेर, पट्टी गुंडाळून टांगलेला होता. तेथे दोष काढता येईना. म्हणून मी मुळावरच घाव घातला.

"शेवंताबाई, तुम्ही खरोखर बिबट्या पाहिला आहे का?"

"पाह्यला ना. मोहाचे फुलं येचाले गेल्तो, मी आन् माही बहीण मंजुळा. ते वाकून येचून रायली होती, आन् हा समोर. मी इळा धरला. मंजुळाले पाठीमागं घेतलं. मंग बोलत सुटलो. धानाचा भाव, सासूचे गाऱ्हाणे, जे आलं ते. मंजुळा मागून हो म्हणे, मंग काय झालं म्हणे. तशाच मागं मागं सरकत गावात आलो, तरी आमचं बोलणं सरेना."

"आणि बिबट्या?"

"कवा गेला, पाह्यलं कोनं?"

त्या हसल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मंजुळा होती तवरी रोज फोन होता. औंदा उन्हाळ्यात ते गेली."

मी वहीत काही लिहिले नाही.

"सून लय चांगली हाय, बाई. नाव ठेवाले जागा नाही. पन मले बाजाराची हिंदी येते. कितने का, कम करो. गुडघा दुखते, येवढं हिंदीत सांगता येते. कसा दुखते, ते नाही सांगता येत. पोरगा ड्यूटीहून आला का झोपते. ऐतवारी पोट्टे बोलते. सतरंजीसंग का असंना, बोलते ना. मी ऐकतो." त्यांनी माझ्या वहीकडे बोट दाखवले. "तुम्ही लिहा जे लिहाचं ते. मास्तरीन तुम्ही हाव."

मी उठले. त्या मला दारापर्यंत पोचवायला आल्या, मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, आणि बोलत बोलत बसथांब्यापर्यंत. गुडघ्यात पहाटे कोणी तरी आतून खिळा फिरवतो, हे मला कळले. मंजुळेच्या लग्नात वऱ्हाडाचा भात करपला होता, हेही कळले. बस आली. मी हात वर केला. त्या वाक्याच्या मध्यावर होत्या. मी हात खाली घेतला.

"रविवारचा तास तुमच्याकडेच राहील," मी म्हणाले. "मी तसे लिहून देते." हे म्हणताना मला आनंद झाला असे मी लिहिणार नाही. माझी अकरा मुले मी स्वतःच्या सहीने देत होते, आणि ती त्यांना 'आजीजी' म्हणतच राहणार होती.

शेवंताबाईंचे त्याकडे लक्षही नव्हते. "ते ऱ्हाऊ द्या वो. मंग वरबाप रुसला, आन् मंजुळा कशी चुलीमागून उठली... ऐकून रायल्या ना, बाई?"

दुसरी बस आली आणि गेली.

"हो," मी म्हणाले. "मग काय झालं?"